शिफारस आणि साठ अळूवड्या

एखाद्या माणसाबद्दल खरंखुरं मत हवं असेल तर मला विचारा! एकतीस वर्षं मी पंपांच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. मी पास केलेला एकही पंप कधी परत आला नाही आणि माझ्या टेबलापुढून एकही इंजिनिअर हसत गेला नाही. त्यामुळे अनीशने फोनवर सांगितलं, "बाबा, कंपनीतून तुम्हाला रेफरन्ससाठी कॉल येईल," तेव्हा मी म्हटलं, "येऊ दे की! हा तर माझ्या हातचा मळ!"

अनीश माझा मुलगा. आमच्या नेपरव्हिल गावापासून गाडीने अडीच तासांवर असलेल्या युनिव्हर्सिटीत तो कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. इथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीने त्याला नोकरी देऊ केली होती. पण अट होती. आधीच्या कामाचा अनुभव ते तपासून बघणार आणि पटला तरच नोकरी पक्की. यंदा त्याच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना साधं मुलाखतीचं बोलावणंसुद्धा आलेलं नव्हतं. त्याच्याकडे ही एकच ऑफर होती. गेली तर गेली.

त्याच्या रेझ्युमेवर सांगण्यासारख्या दोन गोष्टी होत्या. एक, तो फ्रॅटर्निटीचा प्रेसिडेंट होता. फ्रॅटर्निटी म्हणजे कॉलेजातल्या पोरांचं मंडळ. एका जुन्या घरात ही पोरं एकत्र राहतात, दारावर ग्रीक अक्षरं लावतात आणि एकमेकांना ब्रदर म्हणतात. मी ते घर एकदा आतून पाहिलं होतं. सोफ्यावर सायकल ठेवली होती आणि माणसं जमिनीवर बसली होती.

दुसरी गोष्ट म्हणजे कामाचा अनुभव. तो वसुधाच्या स्वयंपाकघरातला. वसुधा माझी बायको. ती घरून अळूवड्या, चकल्या, नारळाच्या वड्या करून द्यायची. अनीशने हायस्कूलमध्ये असताना तिच्यासाठी ऑर्डरींचं ॲप बनवलं आणि कॉलेजात गेल्यावरही सांभाळलं. चार वर्षं. वसुधा गेली, त्याला चौदा महिने झाले. ॲप बंद आहे. कंपनीच्या फॉर्मवर सुपरवायझरचं नाव लिहायचं होतं आणि 'सुपरवायझर हयात नाही' असा पर्याय त्यावर नव्हता. म्हणून पोराने माझं नाव लिहिलं.

"बाबा, फक्त खरं सांगा," तो म्हणाला, "आणि प्लीज, थोडं पॉझिटिव्ह बोला."

"खरं बोलू की पॉझिटिव्ह बोलू?"

"बोथ, बाबा."

मी रात्रभर विचार केला. बापाच्या शिफारशीवर कोण विश्वास ठेवणार? मी तरी ठेवला नसता! तेव्हा आपण बाप आहोत हे कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं. टिपणीस आडनावाची माणसं जगात काय कमी आहेत?

मंगळवारी सकाळी दहाला फोन वाजला. मी इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून बसलो होतो. बाईंचं नाव ब्रेनन. आवाज गोड.

"मिस्टर टिपणीस, अनीशला तुम्ही किती वर्षं ओळखता?"

"तो कामाला लागला तेव्हापासून," मी कडक आवाजात म्हटलं.

"त्याची काम करायची पद्धत कशी होती?"

इथे 'उत्तम' म्हणायचं होतं. एक शब्द! पण आमच्याकडे आपल्याच पोराचं परक्यापुढे कौतुक करायची पद्धत नाही. मी इंजिनिअर झालो तेव्हा माझ्या वडिलांनी शेजाऱ्यांना "सुटला एकदाचा!" एवढंच सांगितलं होतं आणि पेढासुद्धा अर्धाच दिला होता. त्यात माझी एकतीस वर्षांची सवय. तोंडातून आपोआप निघालं, "समाधानकारक. सुधारणेला वाव आहे."

"कुठल्या बाबतीत?"

"सकाळी उठत नसे."

"अच्छा, कामावर उशिरा यायचा?"

"यायचं कुठून? खाली उतरायचं होतं फक्त. चौदा पायऱ्या!"

"म्हणजे तो कामाच्या ठिकाणीच राहायचा?"

मी सावध झालो. "आम्ही कर्मचाऱ्यांची राहायची सोय करत असू. दोन वेळचं जेवणही."

"वा! फार चांगले बेनिफिट्स आहेत!"

"त्याचं त्याला काय? ओला टॉवेल पलंगावर टाकून जायचा!"

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. मग बाईंनी विचारलं, "तो अठ्ठावन्न मुलांच्या संघटनेचा अध्यक्ष आहे. त्याच्या नेतृत्वाबद्दल काय सांगाल?"

"पिझ्झा मागवायला नेतृत्व लागत असेल, तर आहे त्याच्याकडे."

आता वाचताना तुम्ही कपाळाला हात लावला असेल. मला मात्र त्या वेळी वाटत होतं की काम झकास चाललंय! काय निःपक्षपाती साक्षीदार आहे, असं बाईंना वाटत असणार.

"शेवटचा प्रश्न," त्या म्हणाल्या. "संधी मिळाली तर अनीशला पुन्हा नोकरीवर घ्याल का?"

मी समोर बघितलं. स्वयंपाकघराचा ओटा स्वच्छ होता. चौदा महिने त्यावर चहा आणि खिचडीपलीकडे काही झालेलं नाही. मोठी कढई वरच्या कपाटात आहे. मी ती काढलेली नाही.

"नाही," मी म्हटलं. "ती जागाच आता राहिली नाही."

"मग 'नाही' असं लिहू?"

"'नाही' लिहा."

फोन ठेवला आणि बूट काढले. खरं बोललो होतो, एका जागी कर्मचाऱ्यांच्या सोयींचा उल्लेख करून पॉझिटिव्हही बोललो होतो. बोथ!

साडेदहाला प्रताप आला. तो आणि मी एकाच वर्षी या देशात आलो. तो हृदयाचा डॉक्टर होता, हॉस्पिटलात एक अख्खं डिपार्टमेंट चालवायचा. आता रिटायर झालाय आणि माझ्याकडचा चहा पिऊन माझ्याच चहाला नावं ठेवतो. मी त्याला सगळा इंटरव्ह्यू ऐकवला. टॉवेलपाशी त्याने कप खाली ठेवला. शेवटच्या प्रश्नाला तो उभा राहिला.

"काय म्हणालास? नाही?"

"जागाच नाही तर घेणार कुठे?"

"अरे गाढवा! मी शंभर माणसं नोकरीला ठेवलीत. या देशात तो एकच प्रश्न असतो, बाकीचे टाइमपास! 'पुन्हा घेणार नाही' याचा अर्थ पोराने गल्ल्यात हात घातला, नाहीतर कोणाला तरी बदडलं!"

"पण मी तर नुसतं—"

"तू नुसतं पोराच्या पोटावर मारलंस! एका शब्दात! ओपन हार्ट सर्जरीला मला चार तास लागायचे!"

एकतीस वर्षांत मी एकही चांगला पंप चुकून नापास केला नव्हता. आणि नापास केला तो घरचाच.

"आता काय करू?"

"जागा नाही म्हणालास ना? मग जागा कर!"

सव्वा अकराला मी ब्रेनन बाईंना फोन लावला. "एक दुरुस्ती आहे. जागा झालेली आहे! आमचं किचन पुन्हा सुरू झालं. अनीशला मी आनंदाने घेईन."

"सकाळी दहाला तर ते बंद होतं."

"आमच्याकडे निर्णय झटपट होतात."

"फारच झटपट," बाई म्हणाल्या. "रेझ्युमेवर ॲपची लिंक आहे. ती उघडून बघते."

फोन बंद! मी धावत स्वयंपाकघरात गेलो. फ्रिजच्या दारावर वसुधाचा टॅब्लेट अजून लावलेला आहे. त्याचं कोणाला काही काम नाही, पण मी तो रोज चार्ज करतो. त्यावर एक बटण आहे, 'ऑर्डर घेणं बंद'. मी ते दाबून 'चालू' केलं. ब्रेनन बाई लिंक उघडणार, किचन सुरू दिसणार, पोराची नोकरी पक्की! प्रताप म्हणाला, "डोकं आहे तुला. कधीमधी चालतं." मी त्याला दुसरा चहा टाकला.

सात मिनिटं गेली. आणि स्वयंपाकघरातून वसुधाचा आवाज आला, "अहो! ऑर्डर आली हो!"

"आलो!" मी म्हटलं आणि उठून दारापर्यंत गेलोसुद्धा.

ऑर्डर आली की वाजणारी ती घंटी अनीशने ॲपमध्ये बसवली होती. वसुधाला टिंगटिंग आवडत नसे, म्हणून त्याने तिचाच आवाज रेकॉर्ड करून टाकला होता. मी ते विसरलो होतो. मी दारात उभा राहिलो. प्रताप कप हातात धरून माझ्या मागे उभा होता. त्याने माझ्या चहाला नाव ठेवलं नाही.

जरा वेळाने त्यानेच चष्मा लावून वाचलं. "शुक्रवार, दुपारी बारा. अळूवड्या, नग साठ. नाव... ब्रेनन!"

"कशाला?"

"लिंक चालते का हे बघतेय बाई! आणि हे काय खाली? 'नक्की! ताज्या करून पाठवते.' तू कधी लिहिलंस?"

मी नव्हतं लिहिलं. ॲपने लिहिलं होतं. वसुधा कोणालाही नाही म्हणत नसे, म्हणून अनीशने ॲपलाही 'नाही' म्हणायला शिकवलं नव्हतं.

"मोरेश्वर, तुला काय काय करता येतं?" प्रतापने विचारलं.

"खिचडी."

"अळूवडी खिचडीच्या जवळपास येते का?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. अनीश! "बाबा, आईच्या ॲपवर ऑर्डर आलीय. मला अलर्ट आला. हॅक झालंय बहुतेक, मी कॅन्सल करतो—"

"कॅन्सल करू नकोस!" मी एवढ्या जोरात ओरडलो की प्रतापच्या हातातला चहा सांडला. मग सगळं सांगावं लागलं. टॉवेल वगळला. पण 'नाही' कसा वगळणार?

पलीकडे लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला.

"म्हणजे तुम्ही मला पुन्हा हायर करणार नाही म्हणालात."

"जागा राहिली नाही, असं म्हटलं मी."

"ओके. बाबा, आता कॅन्सल केलं तर त्यांना वाटेल सगळंच फेक आहे. ॲप पण, मी पण. गुरुवारी अकरानंतर मला क्लास नाही. मी येतो."

"तुला तरी येतात का अळूवड्या?"

"नाही. पण माझ्याकडे माणसं आहेत."

गुरुवारी तीन वाजता दारात एक व्हॅन थांबली आणि तिच्यातून अनीश आणि त्याच्यामागून आठ पोरं उतरली. एकेक जण फ्रिजएवढा! त्यातला एक टायलर नावाचा, कॉलेजच्या फुटबॉल टीममधला, दारातून सरळ आत येईना, तिरका झाला. पण सगळ्यांनी बूट मात्र दाराबाहेर काढले, ओळीत. अनीशने गाडीतच तशी ताकीद दिली होती म्हणे. अळूची पानं, बेसन, गूळ सगळं वाटेतल्या देशी दुकानातून घेऊन आले होते.

अनीशने वसुधाची पाककृतींची वही उघडली आणि ओट्यावर लाटणं आपटलं. "चॅप्टर विल कम टू ऑर्डर!" त्यांच्या मंडळाची सभा अशीच सुरू होते म्हणे. आठही पोरं गप्प! माझ्या आयुष्यात मी एवढ्या पटकन कोणाला गप्प करू शकलो नाही.

त्याने वही वाचून इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. सांगायला म्हणजे, अक्षर देवनागरी, म्हणून वाचत मी होतो आणि सांगत तो होता. "बेसन लागेल तेवढं. तिखट बेताचं. गूळ अंदाजे. चिंच नेहमीसारखी."

मंडळाचा व्हाइस प्रेसिडेंट कबीर हात वर करून उभा होता. आईवडील नागपूरचे, पोरगा इथलाच. "काका, अंदाजे म्हणजे किती ग्रॅम?"

"अंदाजे म्हणजे... तिला माहीत असायचं."

"दॅट्स नॉट डॉक्युमेंटेशन," कबीर हळूच म्हणाला.

अनीशने कामं वाटली. दोघं पानं धुणार, दोघं लाटण्याने शिरा चेपणार, दोघं पीठ लावणार, दोघं गुंडाळी करून वाफवणार. तळायला तो स्वतः. मोठी कढई त्यानेच वरच्या कपाटातून काढली, पुसली आणि गॅसवर ठेवली.

"आणि बाबा, तुमच्याकडे फक्त चिंच. कोळ काढून पिठात घाला. बस."

फक्त चिंच! एकतीस वर्षं अनुभव असलेल्या माणसाला! मी वाटीत चिंच भिजवली, गरम व्हायला मायक्रोवेव्हमध्ये ठेवली आणि मागे वळून बघतो तर टायलरने केलेली गुंडाळी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. गाजरासारखी! आता हे मी कसं सहन करणार? मी वरून माझा व्हर्निअर कॅलिपर आणला.

पुढचे दोन तास मी फार उपयोगी पडलो, असा माझा समज होता. प्रत्येक गुंडाळीचा व्यास मोजला. अकरा गुंडाळ्या नापास केल्या. टायलरची गुंडाळी चौथ्या वेळी परत पाठवली तेव्हा तो रडकुंडीला आला. अनीश त्याच्याजवळ गेला, हळू आवाजात काहीतरी म्हणाला, फाटलेल्या जागी दुसरं पान कसं लावायचं ते दाखवलं आणि पाठीवर थाप मारली. पाचवी गुंडाळी रुळासारखी सरळ आली! एवढ्या गर्दीत तो एकदाही ओरडला नाही. कोणाला काय जमत नाही ते त्याला आधीच माहीत असायचं, त्याच्याकडून ते काम तो काढून घ्यायचा आणि त्याला दुसरं द्यायचा. मी कॅलिपर हातात घेऊन बघत राहिलो. हे तो कधी शिकला? बहुतेक त्या घरात. सोफ्यावरच्या सायकलीसकट.

तळल्यावर पोरांनी चवीला एकेक वडी घेतली. टायलरने गळ्यावरून हात फिरवला. "वाव! स्पायसी!"

"हो ना, गळ्यात जाणवतं," दुसरा खाकरून म्हणाला. "ऑथेंटिक आहे."

कबीरने तीन खाल्ल्या आणि वर अर्धी बाटली कोक प्यायला. दुसऱ्याच्या घरी आलेली सभ्य पोरं, त्यांना वाटलं आपलं खाणं असंच असतं. अनीश तळता तळता म्हणाला, "बाबा, तुम्ही टेस्ट करा ना. फायनल क्वालिटी चेक."

"व्यास बरोबर आहे," मी म्हटलं आणि डबे भरायला घेतले. वसुधा गेल्यापासून मी अळूवडी खाल्ली नव्हती. त्या दिवशीही धीर झाला नाही.

शुक्रवारी पावणेबाराला आम्ही त्या कंपनीच्या पार्किंगमध्ये पोचलो. ठरल्याप्रमाणे अनीश गाडीतच बसला, कारण तो उमेदवार आणि मी परका माणूस! मी इस्त्रीच्या शर्टात तीन डबे घेऊन आत गेलो. ब्रेनन बाई उंच, केस पांढरे, हसऱ्या. टीममधली अकरा माणसं प्लेटा घेऊन उभीच होती.

"मिस्टर टिपणीस! किती सुरेख दिसतायत!"

"प्रत्येक वडीचा व्यास सारखा आहे," मी म्हटलं. "अनीश नावाच्या त्या उमेदवाराच्या ॲपमुळे ऑर्डर अगदी बिनचूक मिळाली. माझी त्याच्याशी फारशी ओळख नाही, पण मुलगा बरा वाटतो."

बाईंनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि वडी तोंडात टाकली. "मस्त!" सगळे म्हणाले, "मस्त!" दुसऱ्या वड्या उचलल्या. तिसऱ्या उचलल्या. मला वाटलं, जिंकलो!

मग कोपऱ्यातला एक माणूस खाकरला. त्याच्या शेजारची खाकरली. ब्रेनन बाईंनी गळ्यावर नखं फिरवली, मग दोन्ही हातांची फिरवली. एक जण पाणी प्यायला आणि आणखी जोरात खाजवायला लागला. दोन मिनिटांत बाराची बारा माणसं अंगात मांजर शिरल्यासारखी मान वाकडी करून खाजवत होती! "ॲलर्जी! कोणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा!" एक जण घोगऱ्या आवाजात म्हणाला.

आणि माझ्या डोळ्यांपुढे मायक्रोवेव्ह आला. आतमध्ये वाटी. वाटीत चिंच.

अळूला चिंच घातली नाही की घसा खाजतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं! मी बाहेर धावलो आणि पार्किंगमध्ये उभा राहून ओरडलो, "अनीश!"

तो आत आला, एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि भर ऑफिसात मराठीत म्हणाला, "बाबा! चिंच घातली होती ना?"

"मायक्रोवेव्हमध्ये आहे," मी म्हटलं.

त्याने माझ्यावर एक सेकंदही घालवला नाही. "ऐका सगळे! ही ॲलर्जी नाही, पानामुळे होतं, दहा मिनिटांत जाईल. पाणी पिऊ नका! तुम्ही दोघं, पँट्रीत लिंबं आहेत का बघा. तुम्ही, फ्रिजमधलं दही काढा. कोणाला श्वास घ्यायला त्रास होतोय का? नाही? गुड. सगळे खाली बसा." आणि काय सांगू, सगळे बसले! ज्यांनी त्याला नोकरी द्यायची की नाही ते ठरवायचं, ते त्याच्या हुकुमावर रांगेत लिंबं चोखत बसले होते. त्याचा आवाज तोच होता, लाटण्यानंतरचा.

दहा मिनिटांनी खाजवणं थांबलं. मी ब्रेनन बाईंसमोर उभा राहिलो.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "माझ्याकडे एकच काम होतं, ते मी केलं नाही. ॲप बरोबर चाललं, पोरांनी बरोबर केलं. आणि मी खोटंही बोललो. मी त्याचा बाप आहे."

बाईंनी फाइलमधून कागद काढून माझ्यापुढे धरला. 'सुपरवायझरशी नातं' या रकान्यात अनीशने स्वतः लिहिलं होतं: वडील.

"मला सोमवारी हा फॉर्म आला तेव्हापासून माहीत होतं," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "टॉवेलच्या आधीपासून."

"टॉवेल?" अनीशने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

"तुम्ही 'जागा राहिली नाही' म्हणालात," बाई म्हणाल्या, "त्याचा अर्थ मला कळला नाही. म्हणून तो एक रकाना मी रिकामा ठेवलाय. आज विचारू? याला पुन्हा नोकरीवर घ्याल का?"

"ती जागा त्याच्या आईची होती," मी म्हटलं. "ती आता नाही. पण घ्यायचं का म्हणाल तर..." मी खाकरलो. मी तर वडी खाल्लीही नव्हती! "घेईन. लगेच घेईन. उशिरा उठला तरी घेईन."

त्यांनी रकाना भरला.

सोमवारी अनीशला पत्र आलं, नोकरी पक्की! मी प्रतापला फोन करून सांगितलं, "लागला एकदाचा!" आणि स्वयंपाकघरात आलो, तर टॅब्लेटवर काहीतरी नवीन दिसत होतं. गिऱ्हाइकाला माल पोचला की ॲप त्याला आपोआप तारे द्यायला सांगतं. ब्रेनन बाईंनी इमानदारीत दिले होते. ॲपला पाच. वेळेवर पोचवण्याला पाच. पदार्थाला एक.

वसुधाला चार वर्षांत दोनशे बारा वेळा पाच तारे मिळाले होते. एकदाही चार नाहीत. माझ्या एका दुपारच्या कामगिरीने तिची सरासरी चार पूर्णांक अठ्ठ्याण्णव शतांशावर आणली!

मी अनीशला फोन केला. "डिलीट करू का?" तो म्हणाला. "माझ्याकडे ॲडमिन आहे."

"नको. तपासणीचा शेरा बदलायचा नसतो. बरोबर आहे तिचं."

"मग निदान खाली उत्तर तरी लिहा, बाबा. आई लिहायची. कस्टमर्सना बरं वाटतं."

मग मी लिहायला बसलो. इंग्रजीत काही सुचेना. मराठीत सुचलं. तसंही ब्रेनन बाईंना मराठी येत नाही आणि अनीशला देवनागरी वाचता येत नाही, म्हणजे कौतुक कोणाच्या कानावर जायची भीती नाही. मी निर्धास्तपणे लिहिलं:

'चिंच मी विसरलो. चूक सर्वस्वी माझी. ॲप ज्याने केलं तो मुलगा मात्र फार गुणी आहे. त्याच्या आईला त्याचा फार अभिमान होता. मलाही आहे.'

बटण दाबलं, चष्मा पुसला, चहा टाकला. आधण येतंय तोवर फोन वाजला. अनीशचा मेसेज होता.

'थँक्स, बाबा. ट्रान्सलेटचं बटण मीच बसवलंय.'